अमेरिकेतील महामंदीची कारणे लिहा

चौतीस बायांच्या त्या ओळीवर आलं आणि संघप्रियाचं लाल पेन थांबलं. सकाळपासून तिनं बावीस उत्तरपत्रिका तपासल्या होत्या. बी.ए. तिसरं वर्ष, अर्थशास्त्र, प्रश्न चौथा: अमेरिकेतील महामंदीची कारणे लिहा, गुण सोळा. बावीसच्या बावीस जणांनी तेच पाच मुद्दे लिहिले होते. शेअर बाजार कोसळला, बँका बुडाल्या, परदेशी मालावरची जकात वाढली, सोन्याला बांधलेला पैसा आखडला, लोकांचा विश्वास उडाला. तोच क्रम, तेच शब्द. काहींनी तर गाइडातली छपाईची चूकसुद्धा मान राखून जशीच्या तशी उतरवलेली. परभणीच्या त्या कॉलेजात ग्रंथालयाच्या हॉलमध्ये तपासणी केंद्र होतं. एप्रिलचं ऊन खिडक्यांवर चिकटवलेल्या वर्तमानपत्रांतूनही आत येत होतं, कूलर ओला वारा एकाच कोपऱ्यात फेकत होता, आणि संघप्रियाचा हात डोक्याला न विचारता बरोबरच्या खुणा करत चालला होता. तेविसावी उत्तरपत्रिका तिनं तशीच उघडली. त्यात मुद्देच नव्हते. नाव नव्हतं, गाव नव्हतं, नुसता आकडा, आणि निळ्या शाईत, खाली खाली घसरत जाणाऱ्या ओळींत कुणीतरी लिहिलं होतं: "आमच्याकडे जिनिंगमध्ये चाळीस बाया कापसातला कचरा निवडायच्या. मशीन आली तर सहाच ठेवल्या. रुई आधीपेक्षा जास्त निघू लागली. पुढच्या साली दुकानदार म्हणू लागले, मंदी हाय, साड्या खपत नाहीत. पण साड्या त्या चौतीस बायांनीच घ्यायच्या होत्या. अमेरिकेतही असेच झाले असेल. कारखान्यात मोटारी दुप्पट झाल्या पण पगार दुप्पट झाले नाहीत. मग मोटारी घेणार कोण? शेअर बाजार पडला हा ताप आहे. दुखणे आधीचे आहे."

तिनं ते परत वाचलं. घशात काहीतरी अडकल्यासारखं झालं, ती बाटलीतलं पाणी प्याली तरी ते गेलं नाही. तंतू होता तो. कापसाचा बारीक तंतू, जो जिनिंगमधून आलेल्या आईच्या पापण्यांवर, कानाच्या पाळीवर, कपाळाच्या घामावर चिकटलेला असायचा आणि ती घरात आली की सगळ्या घराच्या घशात जायचा. आई, चांगुणाबाई, मानवतच्या एका जिनिंगमध्ये, कापसातून सरकी काढायच्या कारखान्यात, अठरा वर्षं कचरा निवडायला होती. दिवाळीपासून होळीपर्यंत रोज पहाटे भाकरी बांधून जायची. एका साली मधेच, ऐन थंडीत, ती घरी बसली. काढून टाकलं, एवढंच म्हणाली. ते साल संघप्रियाला नीट आठवत होतं, कारण त्या साली ती स्वतः बी.ए.च्या तिसऱ्या वर्षाला होती. आई दारात बसून नुसती रस्त्याकडं बघायची, आणि आत भिंतीला पाठ लावून मुलगी मोठ्यानं पाठ करायची: अमेरिकेतील महामंदीची कारणे, मुद्दा एक, शेअर बाजार. मुद्दा दोन, बँका. कारण दारात बसलं होतं आणि पोरगी घोकत होती! तिला पहिला वर्ग मिळाला, त्या प्रश्नाला तर वर्गात सर्वांत जास्त. पुढं चौदा वर्षं तासिका तत्त्वावर, म्हणजे तासाला पैसे आणि दर जुलैला नवी मुलाखत अशा नोकरीवर, मानवतच्याच कॉलेजात तिनं तेच पाच मुद्दे सांगितले. मुलं वाकून लिहून घ्यायची. त्यांच्यात जिनिंगमधून आलेल्या बायांची पोरं किती होती, हे तिनं कधी विचारलं नव्हतं. विचारायचा प्रश्नच कुठं होता? तिचं स्वतःचंच तिनं कुणाला सांगितलं नव्हतं.

ही उत्तरपत्रिका कुणाची असेल, मानवतची, सेलूची, चारठाण्याची, मुलगा की मुलगी, असं मन धावू लागलं तेव्हा तिनं त्याला मागं ओढलं. कुणाची का असेना. बाकीच्या पानांवर फारसं काही नव्हतं. एक प्रश्न सोडलेला, दोन अर्धवट, त्यांचे मिळून तेवीसच गुण होत होते आणि पास व्हायला बत्तीस लागत होते. जिवंत होतं ते एवढं एकच उत्तर. त्यात बँकांचं नाव नव्हतं, सोन्याचं नव्हतं, तेव्हा पुरे सोळा देता येत नव्हते. तिनं प्रामाणिकपणे तीन कापले आणि समासात तेरा लिहिले. लिहिताना हात हलका झाला होता. सकाळपासून पहिल्यांदाच तिनं खरोखर काही तपासलं होतं.

दुपारच्या चहानंतर भगवानराव टेबलाशी आले. भगवानराव मानवतच्या कॉलेजात अर्थशास्त्राचे विभागप्रमुख, म्हणजे संघप्रियाचे साहेब, आणि या केंद्रावर मॉडरेटर. इतरांनी तपासलेल्यातल्या थोड्या उत्तरपत्रिका पुन्हा बघायचं काम त्यांचं. माणूस वाईट नव्हता. कधी आवाज चढवायचा नाही, तासिकावाल्यांना लग्नकार्याला बोलवायचा. हातात तीच उत्तरपत्रिका होती.

"मॅडम, हे काय करायलात? तेरा?"

"हो सर."

"अहो, मॉडेल उत्तरातला एक मुद्दा नाही यात. गावची जिनिंग आणि अमेरिकेची मंदी, संबंध काय? उद्या पोरगं लिहील, आमची म्हैस आटली म्हणून अमेरिका बुडाली. तुम्ही म्हशीलाबी तेरा देणार का?"

दोन-तीन टेबलांवर हसू फुटलं. शेजारच्या खुर्चीवर परमेश्वर होता, तिच्यासारखाच तासिकेवरचा, जिंतूरच्या कॉलेजातला. त्यानं टेबलाखालून तिच्या चपलेला पाय लावला. गप राहा, असा त्याचा अर्थ. चौदा वर्षांत तो अर्थ तिला कुणी सांगायची गरज पडली नव्हती.

"संबंध आहे सर," ती म्हणाली. "माल वाढला, मजुरी वाढली नाही, घेणारा उरला नाही. हेही एक कारण अभ्यासकांनी मांडलेलं आहे. या विद्यार्थ्यानं ते पुस्तकातून न उचलता डोळ्यांनी बघून लिहिलंय."

"डोळ्यांनी बघायचा पेपर आहे का हा? चार करा आणि इथं सही करा. भावनेवर जायचं नाही. तुमच्याकडं भावना जरा जास्तच असती, भाषणाला चांगली हाय ती, पेपर तपासायला न्हाई."

'तुमच्याकडं' हा शब्द त्यांनी इतक्या सहज वापरला, की तो कुणाला ऐकूच गेला नाही. संघप्रियाला ऐकू गेला. अशा शब्दांची तिला सवय होती. ते अंगावर पडायचे आणि ती घरी जाऊन हातपाय धुतल्यासारखे धुऊन टाकायची. आज मात्र तिचं लक्ष त्या शब्दावर रेंगाळलं नाही. ती 'चार' या आकड्याकडं बघत होती. तेवीस आणि चार म्हणजे नापास. ज्या एका माणसानं या शंभर कागदांत विचार केला होता, तोच नापास.

"मी नाही करणार सर. तुम्हाला कमी करायचे असतील तर तुमच्या सहीनं करा. पण इतका फरक असला की पेपर तिसऱ्या परीक्षकाकडं जातो, नियम आहे. तिकडं पाठवा."

भगवानरावांचा चेहरा पहिल्यांदा बदलला. तिसरा परीक्षक म्हणजे विद्यापीठाला अहवाल, अहवाल म्हणजे प्रश्न, आणि केंद्रावर मतभेद झाला याची कायमची नोंद. ते खाली वाकून हळूच म्हणाले, "मॅडम, जुलैत मुलाखती हायत. पॅनलवर मीच असतो, तुमाला माहीत हाय. एका पेपरापायी कशाला? उद्या सकाळपर्यंत इचार करा." साहेब आवाज खाली आणतात तेव्हा त्यांची भाषा गावाकडची होते आणि तेव्हाच भीती वाटते, हे तिच्या लक्षात आलं.

संध्याकाळी मानवतला परतताना एसटीत खिडकीजवळ जागा मिळाली. पेडगाव गेलं, दोन्हीकडं काढणी झालेली काळी रानं, कुठं उसाचा हिरवा तुकडा, आणि तिच्या आत दोन बाया भांडत होत्या. एक म्हणत होती, वय बेचाळीस, नवरा सिद्धोधन पंचायत समितीत कंत्राटी, दोघांच्या दोन कच्च्या नोकऱ्यांवर घर उभं आहे, कुणा अनोळखी आकड्यासाठी त्यातली एक घालवायची? तो पुढच्या वर्षी पुन्हा बसेल, पाच मुद्दे पाठ करील, पास होईल. दुसरी काहीच म्हणत नव्हती. ती नुसती दारात बसून रस्त्याकडं बघत होती. पहिलीला या गप्प बसण्याचाच राग येत होता. काढून टाकलं, एवढंच? भांडलीस का नाहीस? इतक्या जणींत एकीलाही तोंड नव्हतं? बावीस वर्षं जुना राग होता तो. त्या वर्षी आईची मजुरी थांबली म्हणून संघप्रियाचं एम.ए.साठी बाहेर राहायचं राहिलं. तिनं घरी बसून बाहेरून परीक्षा दिली आणि पुढं प्रत्येक मुलाखतीत त्याचा उणा गुण पडत गेला. आईला ती हे कधी बोलली नव्हती. पण आईच्या खोकल्याचा आवाज आला की कीव येण्याआधी एक कडवट क्षण यायचा, तो ती गिळून टाकायची.

घरी पोचली तेव्हा ऊन अजून भिंतीवर होतं. आई ओट्यावर बसून डाळ निवडत होती. बोटं अजून तशीच चपळ, न बघता खडा ओळखणारी. संघप्रियानं पर्स ठेवली आणि उभ्याउभ्याच विचारलं, "आई, तुला जिनिंगमधून काढलं तेव्हा तुम्ही बाया काहीच बोलल्या नाहीत का गं?"

"आज कामून काढलंस ते?"

"सांग तर."

आईनं सूप बाजूला ठेवलं. "बोललो की. समद्या आफिसात गेलतो. म्या म्हन्लं, मालक, मशीन आली तर येऊ द्या, आमी न्हाई आडवं येत. पर सहा बायांला दिवसभर काम देण्यापरीस चाळिसांला पाळीपाळीनं द्या. समद्यांच्या चुली जरा जरा तर पेटतील. न्हाईतर बाजारात तुमचंच गिऱ्हाईक मरंल."

"असं म्हणालीस? गिऱ्हाईक मरंल?"

"मंग काय. मोंढ्यातला पातळवाला, किराणावाला, चुडीवाली, समदे आमच्यावरच तर जगायचे. मालक हसला. म्हनला, चांगुणाबाई, तू तर लय शिकलेली दिसायलीस."

"आणि मग तुलाच पहिल्यांदा काढलं."

आईनं सूप परत पुढं ओढलं. मग जणू फार साधी गोष्ट सांगावी तसं म्हणाली, "मला कुठं काढलं? माजा हात सगळ्यात तेज. मुकादमानं सहा नावं वाचली त्यात पयलं माजंच व्हतं. म्या म्हन्लं, न्हाई यायची. चौतीस बाया दारात उभ्या ऱ्हायल्यात अन् मी आत जाऊ? दुसरीला घ्या. तानुबाईला घेतलं मंग, तिचा नवरा अंथरुणाला खिळलेला व्हता."

संघप्रिया खाली बसली. चाळीस, सहा, चौतीस, उत्तरपत्रिकेतलेच आकडे. बावीस वर्षं तिनं जो राग जपला होता त्याच्या खालची जमीनच कुणीतरी काढून घेतली होती, आणि गंमत म्हणजे राग गेला नाही. उलट एकदम उसळला. स्वतःच्या पायानं काम सोडलं? मग माझं शिक्षण? माझं राहणं? हे सगळं हिनं एका 'न्हाई'वर ओवाळून टाकलं? ती ओरडलीच, "मग मला सांगितलं का नाहीस तेव्हा? काढून टाकलं म्हणून खोटं कशाला सांगितलंस?"

"तुजी परीक्षा व्हती," आई म्हणाली. "तू आत मोठमोठ्यानं मंदीचं पाठ करायलीस. म्हन्लं, पोरगीच्या डोक्यात आपलं नको घुसाया. तिला पास व्हायचंय."

यावर संघप्रियाला हसू आलं, आणि ते हसू थांबेना, आणि मग ते हसू नव्हतं. आई घाबरून तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. त्या हातात अजून रुईचा ओशट मऊपणा होता. आईचं म्हणणं बरोबर होतं की चूक, त्यानं जिनिंग सुधारली की नाही, एक बाई कमी होऊन कुणाचं काय भलं झालं, हे प्रश्न तिच्यापुढं होते आणि त्यांची उत्तरं सोपी नव्हती. पण एवढं तिला स्पष्ट दिसलं की तिच्या घरात 'न्हाई' म्हणणारी बाई आधीपासून होती आणि ती त्या बाईलाच गप्प समजत आली होती. सिद्धोधन आला तेव्हा तिनं त्याला सगळं सांगितलं. त्यानं शर्ट काढून खुंटीला अडकवला. मग म्हणाला, "जुलैचं जुलैत बघू. पण लिहून दे. तोंडी भांडलीस तर पुसून टाकतील."

जेवणाआधीच ती लिहायला बसली. परीक्षकाचे अभिप्राय, असं वर लिहिलं आणि वाटलं, दोन ओळींत संपेल. दोन पानं झाली. पुस्तकात काय आहे ते तिनं नीट मांडलं. बाजार का चढला, पैसा मूठभर लोकांकडं साचून तो कारखान्यात न जाता सट्ट्यात का गेला, मजूर आणि शेतकऱ्याच्या हातात का आला नाही, उधारीवर मोटारी किती दिवस खपल्या आणि एक दिवस का थांबल्या, मग बँका कशा पडल्या. बँका, सोनं, जकात, काहीच तिनं नाकारलं नाही. फक्त त्यांना त्यांच्या जागी, मागच्या रांगेत बसवलं. आणि शेवटी लिहिलं: मानवत येथील एका जिनिंगमधील कामगार श्रीमती चांगुणाबाई यांनी बावीस वर्षांपूर्वी मालकांसमोर हेच कारण तोंडी मांडले होते. सदर विद्यार्थ्याचे उत्तर त्यांच्या म्हणण्याशी जुळते व ते बरोबर आहे. चौदा वर्षांच्या नोकरीत इतकं सरळ वाक्य तिनं कधी लिहिलं नव्हतं.

सकाळी भगवानरावांनी ती दोन पानं उभ्यानंच वाचली. शेवटाशी आल्यावर चष्मा वर केला. "ह्या चांगुणाबाई कोण?"

"माझी आई."

"आईचा दाखला? विद्यापीठाच्या अहवालात?" यावेळी ते हसले नाहीत. "मॅडम, लोक तुमाला येड्यात काढतील."

"काढू द्या सर. पण पानं लावूनच पाठवा. माझ्याकडं झेरॉक्स आहे."

आजूबाजूच्या टेबलांवरच्या माना वर झाल्या. परमेश्वर मान खाली घालून बसला होता. भगवानरावांनी तिच्याकडं असं बघितलं, जणू चौदा वर्षं समोर असलेल्या खुर्चीनं अचानक जागा सोडली होती. मग त्यांनी शिपायाला लिफाफा आणायला सांगितलं. लाख लावली गेली, सह्या झाल्या. तिनं पुढचा गठ्ठा ओढला. पहिलीच उत्तरपत्रिका पाच मुद्द्यांची होती. तिनं तिला नऊ दिले. त्या पोराचा काय दोष, त्याला कुणीतरी तिच्यासारखंच सांगितलं होतं.

जूनच्या शेवटी परमेश्वरचा फोन आला. "ताई, तिसऱ्यानं अकरा दिले. मी केंद्रावरच्या क्लार्कला इचारलं. पास हाय पोरगं. का पोरगी, काय असंल ते." मग थोडं थांबून म्हणाला, "मी त्या दिवशी पाय लावला व्हता. माफ करा." ती म्हणाली, "अरे, मीही आयुष्यभर माझ्या पायाला तेच सांगत आले." फोन ठेवल्यावर ती आईला सांगायला गेली. आईला गुणांचं काही विशेष वाटलं नाही. तिनं एवढंच विचारलं, "त्या लेकराची माय हाय का जित्ती?" संघप्रियाला ते माहीत नव्हतं.

जुलैत मुलाखत झाली. प्राचार्यांच्या खोलीत एसी होता, काचेच्या टेबलामागं चौघंजण, मधे भगवानराव. बाकीच्यांनी किरकोळ विचारलं. भगवानरावांनी शेवटी विचारलं, आवाजात कसलाही द्वेष नव्हता, उलट एक दार किलकिलं करून दिल्यासारखा होता: "अमेरिकेतल्या महामंदीची कारणं सांगा मॅडम. मोजकी. पाच मुद्दे." तिला कळलं, साहेब तिला परत यायची वाट दाखवतायत. पाच वाक्यं. ती तिला झोपेतही येत होती. म्हटली की सही, सही झाली की आणखी एक वर्ष. तिच्या गुडघ्यांवर थंडी बसत होती. तिनं दोन्ही हात टेबलावर ठेवले, तसे हात मुलाखतीत ठेवत नसतात, आणि प्रमाण मराठी, जी ती या इमारतीत चौदा वर्षं एकदाही न चुकता बोलली होती, तिच्या तोंडातून निसटून गेली. तिनं तिला जाऊ दिलं.

"पाच न्हाईत सर," ती म्हणाली. "एकच हाय. ज्यांनी माल केला त्यांच्या हातात तो घ्यायला काही ठिवलं न्हाई. ते पाची मुद्दे त्याच्या मागून आले. बसा, नीट सांगते. येळ लागंल."